वरचं पाणी

आमच्या यांना आपल्या फावड्याचा भारी गर्व. गावात कुणाचा धानाचा बांध फुटला की पहिली हाक गुणवंतरावांनाच. घरात इकडची काडी तिकडे करायचे नाहीत, पण बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात उतरले की माणूस बदलून जायचा. मी त्यांना चिडवून चिडवून बेजार करायची. आता ती हिंमत होत नाही.

गावाच्या वरच्या अंगाला जुन्या टायरांतून तेल काढायचा कारखाना आहे. दिवाळीनंतर एका दुपारी त्याला आग लागली. भद्रावतीचा बंब आला, मागून चंद्रपूरचे आले आणि पाण्याचा मारा सुरू झाला. आग दबत होती, पण तेच पाणी तेल आणि काजळी घेऊन नाल्यानं खाली निघालं. नाला येतो थेट आमच्या तलावात. त्यात आम्हा बायांच्या गटानं मासोळीचं बीज सोडलेलं. गावाची गुरंही तिथंच पाणी पितात.

प्रदूषण खात्याच्या दिव्यानी मॅडम जीपमधून उतरल्या त्या धावतच.

"हे पाणी तलावात जाता कामा नये. नाला इथंच अडवा. पाणी उपसायला टँकर सकाळी येतील," एवढं सांगून त्या आगीकडे पळाल्या. गावानं आमच्या यांच्याकडे पाहिलं.

पोती, माती, फांद्या, हाताला येईल ते घेऊन यांनी अंधार पडायच्या आत असा बांध घातला की मलाही कौतुक वाटलं. तोंडावर बोलले नाही, उगाच चढून बसतील म्हणून. शेवटी त्यांनी बांधाच्या वरच्या बाजूला, पाणी निघायला, पाइपाचा एक तुकडा आरपार बसवला.

"तोंड काऊन ठेवून राह्यले?" मी विचारलं.

"तोंड नाई ठेवलं तं बांध फुटन, अन् सारंच तलावात जाईन. गाळ खाली बसते. वरचं पाणी निवळ असते, तेवढंच जाईन."

धान पिकवणाऱ्या गावात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. जादा पाणी वरच्या तोंडानं काढून द्यायचं, माती-खत खाली राहतं, बांधही वाचतो. तिथं उभ्या असलेल्या एकालाही त्यात खोट दिसली नाही.

सकाळी तलावावर रंगीत तवंग पसरला होता आणि काठाला मासोळ्या उताण्या पडल्या होत्या. दिव्यानी मॅडमनी पाइप पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"भाऊ, तेल वर तरंगतं हो. तुम्ही नेमकं तेच सोडलंत." मग हळूच म्हणाल्या, "मीच इथं थांबायला हवं होतं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. आमच्या गटातली रंजीता मेलेली मासोळी टोपल्यात भरत होती. हे कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि तिच्याबरोबर वेचत राहिले. काठावर या म्हटलं तर ऐकूच येत नसल्यासारखं करत होते. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्हीचं काय करावं ते कळत नव्हतं.

टँकरांनी नाला उपसला, पण संध्याकाळी टायरांचा ढीग पुन्हा पेटला आणि बंब पुन्हा सुरू झाले. मॅडम स्वतः आमच्या दारी आल्या.

"भाऊ, बांध तुमच्याच हातचा पाहिजे. फक्त या वेळी तोंड नको."

मला वाटलं, नाही म्हणतील. पण ते उठले. त्यांनी पाइप उपटला, भोक बुजवलं आणि जुन्या बांधावर मातीचं ढेकूळही नवीन चढवलं नाही.

सकाळी मी चहा घेऊन गेले. पाणी बांधाच्या काठोकाठ उभं होतं, कालच्याहून वर, आणि टँकरांनी पाइप टाकून उपसा सुरू केला होता. खालचा नाला कोरडा होता. हे बांधावर उकिडवे बसले होते. मला इतका आनंद झाला की मीच आधी बोलले, "पाहा, टिकला ना बांध! एक थेंब नाई गेला."

"हो, टिकला," ते म्हणाले. चहाचा कप हातात तसाच धरून पाण्याकडे बघत राहिले.

"म्हणजे परवाबी टिकला असता वं, चंदा."