जिऱ्याच्या जागी मिरे

दानम्मांचं पाककृतींचं पुस्तक महिला मंडळानं छापून घेतलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुस्तक हातात आल्याबरोबर त्यांनी शेंगाचटणीचं पान उघडलं आणि तिथंच चूक निघाली. 'एक चमचा जिरे'च्या जागी छापलं होतं 'एक चमचा मिरे'. उरलेल्या प्रतींत त्यांनी स्वतः पेनानं दुरुस्ती केली. पण काही प्रती मंडळाच्या बायकांनी आधीच नेल्या होत्या.

सून राजेश्वरी स्वयंपाक करायची तो फोनवर बघून. पिठाचे हात असताना पडदा काळा झाला की दानम्मा म्हणायच्या, पुस्तक कधी असं झोपत नाही. राजेश्वरी म्हणायची, पण मसाला किती लाल झाला पाहिजे ते पुस्तकात दिसत नाही. यावर दोघींचं कधी एकमत झालं नाही, आणि भांडणही झालं नाही.

एका दुपारी राजेश्वरी फोन घेऊन धावतच आली. पडद्यावर मंगळवेढ्याची झीनत नावाची तरुण बाई दानम्मांचंच पुस्तक हातात धरून बोलत होती. ही सोलापूरच्या दानम्मा काकूंची चटणी, असं तिनं आवर्जून सांगितलं. दानम्मा खुलल्या. मग झीनतनं शेंगदाण्यांवर चमचाभर मिरे टाकले.

"अगं बाई, जिरं हाय ते," दानम्मा फोनलाच म्हणाल्या.

राजेश्वरीनं व्हिडिओखाली तसं लिहिलं आणि आपला नंबर कळवला. संध्याकाळीच झीनतचा फोन आला. बिचारी घाबरली होती. सोलापूरच्या मामींनी पुस्तक दिल्यापासून ती अशीच चटणी करत होती आणि घरात सगळ्यांना तीच लागत होती. व्हिडिओ बघून केलेल्यांनीही चव लई आवडल्याचं कळवलं होतं. दानम्मा गोड बोलल्या, पण फोन ठेवल्यावर रुसून बसल्या. आपण न केलेल्या चटणीचं आपल्या नावानं कौतुक चाललंय, हे त्यांना सोसेना.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नाही असं बघून त्यांनी उखळात मिरे घालून चटणी कुटली. कडक भाकरीच्या तुकड्यावर घेऊन चाखली. आधी लसूण लागला, मग तिखट, आणि जरा वेळानं घशाशी हलकीशी ऊब आली. त्यांनी आणखी एक चिमूट घेतली. मग आणखी एक.

दुपारी त्यांचे यजमान शिवप्पा दुकानातून जेवायला आले. दोन भाकरी संपवून त्यांनी तिसरी मागितली.

"आज चटणीत काय घातलंस?"

"छापखान्याची चूक," दानम्मा म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. शिवप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दानम्मांनी झीनतला घरीच बोलावलं. रविवारी ती एसटीनं आली, पिशवीत मंगळवेढ्याची ज्वारी घेऊन. ठरलं असं, की दोघींनी मिळून दोन्ही चटण्या करायच्या आणि राजेश्वरीनं फोन धरायचा. उखळ एक आणि मुसळ एक, म्हणून एक दमली की दुसरी कुटायची. दानम्मांनी पुस्तकातल्यासारखं सांगितलं, मीठ बेतानं घालावं.

झीनत संकोचून म्हणाली, "काकू, बेतानं म्हणजे किती? लोक तेच विचारतात."

दानम्मा थांबल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी तळहातावर मीठ घेतलं, जरासं परत बरणीत टाकलं आणि हात फोनपुढं धरला.

"एवढं."

राजेश्वरी नुसती हसली. दानम्माच म्हणाल्या, "व्हय, हे पुस्तकात न्हाई सांगता येत."

चटण्या झाल्या. जिऱ्याची चांगली की मिऱ्याची, यावर शिवप्पांना निकाल द्यायला बसवलं. ते आलटूनपालटून दोन्ही खात राहिले आणि निकाल काही देईनात. झीनतची पाचची एसटी गेली. दानम्मांनी तिला म्हटलं, आता सावकाश जेव, पुढची मिळेल, आणि तव्यावर आणखी एक भाकरी टाकली.