पोत्यामागे दोन टॅलंट

"चाळीस," देवजीने ठणकावून सांगितलं.

"चाळीस काय?" ट्रकच्या फाळक्याला टेकलेला जिवा मुकादम म्हणाला. "मामा, पोती तर ईसच चढवली."

"पोती ईस, टॅलंट चाळीस. तिथं चाळीसच सांग. आता असाच सांगायचा हाय."

जिवाने मान डोलावली. जव्हारच्या बांधकाम गोदामात देवजीमामा सांगेल ते वजन, एवढंच त्याला ठाऊक होतं. सिमेंटचा ट्रक धूळ उडवत मोखाड्याकडे नव्या मोरीच्या कामावर गेला आणि देवजी उंबऱ्यात बसून पुन्हा विचारात पडला. पोत्यामागे जे दोन पौंड कमी पडतात, ते जातात तरी कुठे?

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं होतं खांबेटे साहेबांनी. साहेब पुण्याचे इंजिनियर, वयाने देवजीच्या निम्मे, मनाने वाईट नव्हेत. आदल्या दिवशी दुपारी ते पडवीत खुर्ची टाकून ग्रीकांच्या इतिहासाचं पुस्तक वाचत होते आणि देवजी समोर अदबीने उभा राहून रोजचंच विचारत होता. पौंड जाऊन किलो येणार म्हणतात, तर पोत्याचे किलो किती धरायचे? साहेब कंटाळले.

"किलोचं काय घेऊन बसलास? उद्या सरकार ग्रीकांचं टॅलंट आणील. आपलं पोतं एकशे बारा पौंडांचं, टॅलंट साधारण सत्तावन्नचं. म्हणजे पोत्याला दोन टॅलंट, दोन पौंड कमी. पाठ करून ठेव."

"टॅलंट म्हंजे कवढा, साहेब?"

"मोठ्या रांजणात मावेल तेवढं पाणी. त्याचं वजन."

"रांजण कवढा?"

"ग्रीक रांजण," म्हणत साहेबांनी पान उलटलं.

दुसरा कोणी असता तर हसून बिडी ओढायला गेला असता. देवजीला हसणं परवडत नव्हतं. तो पूर्वी जव्हार संस्थानच्या कोठारात मापारी होता. पायलीने भात मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. मग संस्थान विलीन झालं आणि एके सकाळी कोठारातली सगळी मापं बैलगाडीत घालून कुणीतरी घेऊन गेलं. कुठे, कशासाठी, कुणी सांगितलं नाही. पौंड आले, टन आले. जोडीचा मापारी ढवळू म्हणत राहिला, आपल्याला पायलीच बरी. तो थोड्याच दिवसांत घरी बसला. देवजीने मात्र घोकून घोकून पौंड गिळला, पचला नाही तरी. ज्या सरकारने एकदा मापं नेली ते पुन्हा नेणार नाही कशावरून? आणि ज्याला नवं माप जमणार नाही, त्याचा ढवळू व्हायचा.

त्या रात्री घरी त्याने बायकोचा, गोजाबाईचा, रांजण रिकामा करून हंड्याने पुन्हा भरला.

"पन ती ग्रीक कोण?" गोजाबाईने विचारलं.

"हायेत कोणतरी. लांबची. डहाणूच्या पल्याड."

"मंग त्यांचा माप आपल्या इथं कशाला?"

देवजीने आणखी एक हंडा ओतला. पाणी एकदा एवढं भरलं, एकदा तेवढं. शेवटी साहेब म्हणाले ते दोनच खरं धरून तो झोपला.

चाळीस सांगून धाडलेला ट्रक संध्याकाळी परत आला तो मागे साहेबांची जीप घेऊनच. जिवा मान खाली घालून उतरला. मोरीवरच्या ओव्हरसियरने चाळीस ऐकलं, वीस मोजली आणि बाकीची वाटेत विकलीस म्हणून चारचौघांत त्याची बंडी धरली होती.

"देवजी, वीस पोती कुठे गेली?" साहेबांनी विचारलं. आवाज कधी नव्हे तो कोरडा होता.

देवजी जिवाच्या पुढे येऊन उभा राहिला. त्याच्या बापाने मापावरचा दाणा कधी आपल्या बाजूला पाडला नव्हता.

"जिवाचा काय बी नाय, साहेब. मीच सांगला. पोत्याला दोन टॅलंट, ईसाची चाळीस. तुमीच पाठ कराया लावला ना."

 मग साहेबांना आपलं बोलणं आठवलं आणि हसू आवरेना. "अरे वेड्या, ती गंमत होती."

ड्रायव्हर हसला, हमाल हसले, सुटलो म्हणून जिवाही हसला. साहेब हसताहेत म्हणून देवजीपण हसला. नोकरी राहिली, अब्रू राहिली, पण त्याला फार लागलं. चोर म्हटलं असतं तर काय बोलायचं ते त्याला माहीत होतं. यावर काय बोलावं ते सुचेना. कुठलं माप खरं धरायचं आणि कुठलं हसण्यावारी न्यायचं, हे ओळखायची खूण त्याला कधी कुणी दिलीच नव्हती.

साहेबांना चुटपुट लागली असावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवजीला आपल्याबरोबर चहा पाजला. पुढे पावसाळा सरला आणि किलोची वजनं खरोखरच आली, लाकडी पेटीत, नवी कोरी. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, एकेक वजन उचलून त्याचं नाव सांगितलं आणि पाच किलोचं देवजीपुढे धरलं.

"घे. पोतं आता पन्नास किलोचं."

देवजीने हात पुढे केला नाही. त्याने आधी ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहिलं, मग हमालांच्या, मग जिवाच्या. आणि अगदी अदबीने, खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, ह्या खराच ना?"

कुणीच हसलं नाही. साहेबांचा हात अवघडला, पण त्यांना ते वजन खाली ठेवता येईना.