माइकवरचे एकावन्न हजार

आमच्या बाळापुरात देणगी आधी माइकवर होते, मग खिशातून निघते. मधे एक दिवाळी जाते, कधी दोन जातात. पण नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, की पैसे आले असंच आम्ही धरतो. माणसाने चारचौघांत मान घेतला, आता तो बुडवील कसा? मी अब्दुल सत्तार, धंद्याने शिंपी आणि अकरा वर्षं नवजवान फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी. पुकारा झाला की मी पावती फाडायचो, आणि अकरा वर्षांत एकही पावती खोटी ठरली नाही.

बाराव्या वर्षी ठरली. साल दोन हजार पाच. पहिल्याच सामन्याला रामरावांनी माइक हातात घेतला आणि एकावन्न हजार जाहीर केले. रामराव म्हणजे कापसाचे अडते, हात सढळ, बोलणं त्याहून सढळ. किल्ल्याखालचं अख्खं मैदान उठून उभं राहिलं. मी पावती फाडली, रक्कम जमा धरली आणि त्या भरवशावर कामठीचे तीन खेळाडू आणले. मग कापसाचा भाव अडीच हजारांवरून सतराशेवर आला. लोकांनी कापूस घरातच ठेवला आणि रामरावांवर दुकानात माशा मारायची पाळी आली. मी तीनदा त्यांच्याकडे जाऊन चहा पिऊन आलो. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही.

आम्ही मात्र जिंकत सुटलो. उपांत्य फेरीत गाठ पातूरच्या क्लबाशी पडली, आणि पातूरवाल्यांनी अकोल्याला स्पर्धा समितीकडे तक्रार ठोकली: बाळापूरने उधारीवर खेळाडू आणले, त्यांच्या खाणावळीचं बिलही थकलंय. नियम असा होता की हंगामात जेवढे पैसे हाती येतील तेवढाच खर्च करायचा. मोडला तर क्लब बाद आणि तीन वर्षं बंदी. दोन वर्षांपूर्वी हा नियम झाला तेव्हा मीच सगळ्यांत आधी हात वर केला होता.

समितीचे मोतीराम सर माझी वही उलटीपालटी करून पाहत होते.

"सत्तारभाई, पावती एकावन्न हजाराची. बँकेत कवा भरले?"

"जाहीर झाले ना सर."

"जाहीर झाले, पन आले का?"

"येतील."

बाकीचे हसले. सर हसले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. शनिवारी पाचपर्यंत रोख भरा, नाहीतर रविवारचा सामना विसरा, असं त्यांनी सांगितलं.

माझी एस. टी. बाळापूरला पोचायच्या आत बातमी पोचली होती. दुकानाच्या शटरवर कुणीतरी खडूने लिहिलं होतं, 'एकावन्न हजार कुठं गेले?' गावाचा हिशेब सरळ होता. देणगी सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकली, म्हणजे पैसे आले. आले म्हणजे सेक्रेटरीकडे आले. त्याच्याकडे नाहीत, म्हणजे त्याने खाल्ले. कप्तान जुबेर, ज्याची पहिली जर्सी मी फुकट शिवून दिली होती, तो दुकानात येऊन हळूच म्हणाला, "चाचा, अडचणीत वापरले असन तं सांगा. आमी पोरं मिळून भरू." शिव्यांपेक्षा त्याची ही माया मला जास्त झोंबली.

"रामरावभाऊनं पैसे देलेच नाही, हे काहून नाही सांगत तुमी?" माझी बायको रुबीना चिडली.

कसं सांगू? अडत्याचा धंदा जबानीवर चालतो. रामरावांचा शब्द पोकळ निघाला हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी अर्धा तालुका आपापले पैसे मागायला त्यांच्या दारात उभा राहिला असता. शिवाय ते रामराव आणि मी सत्तार. अशी गोष्ट भलत्या वाटेला लागायला वेळ लागत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी गप्प राहिलो आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

शुक्रवारी दुपारी मैदानावर सभा झाली. "हिशेब द्या! हिशेब द्या!" पाचशे माणसं ओरडत होती. तेवढ्यात रामराव आले, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या जिवात जीव आला. वाटलं, आता हेच सांगतील. त्यांनी माइक घेतला.

"क्लब बुडू देनार नाही मी! माह्याकडून आनखी पंचवीस हजार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जुबेरने पावतीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "फाडा चाचा."

माझा हात उठला नाही. मी उभा राहिलो आणि माइकमध्येच म्हणालो, "रामरावभाऊ, या टायमाले रोख द्या. मांगचे बी."

रामरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःची लाज वाटली. मग ते सावरले.

"चार लोकांत मले पैसे मांगता, सत्तारभाई? भरोसा नसन तं राहू द्या. दोनी देनग्या वापस."

ते मंचावरून उतरले. येताना पाय ओढत आले होते, जाताना ताठ गेले. मी चोर नाही हे त्याच क्षणी सिद्ध झालं होतं, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. "देनाऱ्याचा अपमान केला यानं!" म्हातारे पुंजाजी ओरडले. "आलेले शहात्तर हजार घालवले!" मग सगळं मैदान तेच ओरडायला लागलं.

शनिवारी पाच वाजले. क्लब बाद झाला.

सोमवारी जुबेर आपली जर्सी परत द्यायला आला. मी म्हणालो, "बेटा, समितीले रोख पाहिजे होती. त्यायच्यापाशी नव्हती रे."

"तुमी मांगतली नसती ना चाचा, तं देली असती त्यायनं," तो म्हणाला आणि निघून गेला.

गावात आजही सगळे हेच मानतात. खरं सांगू? कधी कधी मीही मानतो.