फोल्डर रिकामा नाही

मित्रांनो, मी कल्याणजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामाचा एक जुना संगणक आहे. मी डूख धरतो, हे आधीच सांगून ठेवतो.

२००४ साली मालक केसरीनाथ यांनी नारळ फोडून मला ऑफिसात बसवले. त्यांची मुलगी मनाली रोज माझी धूळ पुसायची. भाड्याने दिलेल्या प्रत्येक गाळ्याचा तिने एक फोल्डर केला आणि त्यात करार, मालाचे फोटो जपून ठेवले. गाळा रिकामा झाला की मालक कुलूप स्वतः लावत, आणि त्याचा रिकामा फोल्डरही स्वतःच्या बोटाने काढून टाकत. तसा त्या घरचा रिवाजच होता.

मनालीच्या खुर्चीवर तिचा चुलतभाऊ देवेश डोळा ठेवून होता. कल्याणला क्लास करून आलेला हा शहाणा! मी जरा अडलो की धपाटे घाली, चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवी. मी सगळे गिळले.

एका दुपारी मनाली जेवायला घरी गेली, तेव्हा देवेशने माझ्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून तिच्या सगळ्या फायली लपवल्या. पुसल्या नाहीत, पुढे आपणच शोधून काढल्याची शाबासकी त्याला हवी होती. मनाली परतताच त्याने मालकांना बोलावले.

"काका, हिनं कायच काम केला न्हाय. सगले फोल्डर खाली हाईत. ऑफिस आता माझ्याकडं द्या."

मनालीचे डोळे भरून आले.

"खाली हाईत ना? मंग काढून टाकू," मालक म्हणाले. "आज्ञा लिही. बटन मी दाबतो."

देवेश चपापला, पण नाही कसे म्हणणार? त्याने रिकामा फोल्डर काढायची आज्ञा लिहिली. मालकांनी बटण दाबले.

ती आज्ञा फक्त रिकाम्यालाच लागू पडते. आत एखादी लपवलेली फाईल असली, तरी मी हटून बसतो. मी इंग्रजीत एक ओळ लिहिली. मनालीने ती वाचली.

"बाबा, फोल्डर रिकामा न्हाय, असा लिवलाय."

"मशीन जुना झालाय, काका. कायपण दाखवतो."

"दुसरा लिही," मालक म्हणाले.

दुसऱ्यालाही मी तेच सांगितले. तिसऱ्यालाही. फार गोड लागले मला ते.

"आत काय हाय, ते आता तूच दाखव," मालक देवेशला म्हणाले. सगळ्यांसमोर, मान खाली घालून, त्याला एकेक फाईल परत आणावी लागली. खुर्ची मनालीचीच राहिली.

आता मी माळ्यावर पोत्याखाली पडून आहे. देवेश पडघ्याच्या गोदामावर उन्हात ट्रक लावून घेतो, असे ऐकतो. मला त्याची कीव येत नाही. मित्रांनो, यंत्रांना जपा. तेवढे जमत नसेल, तर निदान आमच्या तोंडून खोटे वदवू नका. आम्ही चारचौघांत, तोंडावर नाही म्हणतो.