घरची खबर

इरासीने पिशवीतून मेणबत्ती काढली, कबरीपाशी उभ्या असलेल्या अनोळखी बाईकडे पाहिलं आणि मेणबत्ती परत आत ठेवली.

“घरीच थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?” नेइदे म्हणाली. “आता तो आपला कुणी नाही, आई.”

“मृतांच्या दिवशी मी कधी घरी थांबलेय?”

लेकीने मान हलवली आणि आपली हॅट आईच्या डोक्यावर ठेवली. पोन्ता सेका गावच्या दफनभूमीत सकाळपासून माणसांची रीघ होती. बायका कबरी धूत होत्या, कुणी चुना लावत होतं, फाटकाशी शहाळीवाल्याचं आणि फुलवालीचं नेहमीचं भांडण चालू होतं. खलाशाची कबर मात्र समुद्राकडच्या भिंतीलगत, सगळ्यांपासून जरा बाजूला होती.

महायुद्धात नौदलाचं ‘जागुआरा’ जहाज बुडालं तेव्हा त्याच्यावरचा एकच देह इथं वाहत आला. ना नाव, ना ओळखू येईल असा चेहरा. कोळ्यांनी त्याला पुरलं आणि क्रुसावर नुसतं ‘खलाशी’ लिहिलं. इरासीचा थोरला भाऊ ओदिलोन त्याच जहाजावर होता. एवढा लांबलचक किनारा पडलेला असताना पोरगा इथंच का लागला, असं आई विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची. त्यांचं गाव खाडीच्या पलीकडे होतं. तो घरी यायला निघाला होता, एवढंच. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

इतर खलाशांच्या आयाही यायच्या. प्रत्येकीकडे अशीच काहीतरी खात्री असायची. त्या एकाच कबरीभोवती उभ्या राहून आपापल्या मुलासाठी रडायच्या, आणि तो तुझा नाही, असं एकीने दुसरीला कधी म्हटलं नाही. हळूहळू त्या सगळ्या गेल्या. आई गेल्यावर इरासी येऊ लागली. मेणबत्ती लावायची, दगडावर हात ठेवायची आणि वर्षभराची खबर सांगायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, अंगणातला काजू कसा वठला. नवरा गेला तेही तिने इथंच येऊन सांगितलं होतं.

पुढे नौदलाने कबर उघडून हाडं तपासली, ओळख जुळवायला घरोघरच्या नातेवाइकांची थुंकी नेली. यंदा पावसाळ्यात एका साहेबाचा फोन आला. फार अदबीने बोलला बिचारा. खलाशाचं नाव लिंडोल्फो हास, राहणार खाली दक्षिणेकडे, थंडीच्या मुलखात. इरासीने त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि चवळी निवडायला बसली. त्या दिवशी चवळी कितीदा निवडून झाली, ते नेइदेनेच पाहिलं.

कबरीपाशी उभी होती ती लिंडोल्फोची मुलगी, इल्से. तीही म्हातारीच होती. उन्हाने तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि हातातली फुलं कुठं ठेवावीत हे तिला उमगत नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती वडिलांना घेऊन जाणार होती. इरासी जवळ आली तशी इल्सेने तिला नाव विचारलं. इथं दरवर्षी कोण येतं, ते साहेबांनी तिला सांगितलं होतं म्हणे.

“मी त्यांना पाहिलेलं नाही,” इल्से म्हणाली. “ते गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. प्रार्थना म्हणून झाली. आता पुढे काय बोलायचं, तेच कळत नाही हो.”

फोन आल्यापासून इरासीला या बाईचा राग होता. तिला न बघताच राग होता. आता समोर पाहिलं तर ती बापाच्या दारात परक्यासारखी उभी होती. इरासी गुडघे धरत खाली बसली, दगडावरची वाळू झटकली आणि नेहमीसारखा तळवा टेकला.

“लिंडोल्फो,” ती म्हणाली. “इतकी वर्षं तुला दादा म्हणत आले. तू निमूट ऐकून घेतलंस, उपकार झाले. ही तुझी इल्से. फार लांबून आलीय. तिला बोलायला जड जातंय, तेवढं सांभाळून घे.”

मग तिने इल्सेचा हात ओढून आपला हात होता तिथं ठेवला. इल्से मटकन खाली बसली. ती रडू लागली तशी इरासी उठली.

“चल, बस सुटेल,” नेइदे हळूच म्हणाली.

इरासी फाटकाकडे वळली नाही. दफनभूमीच्या मधोमध मोठा क्रूस होता. ज्यांची माणसं दुसरीकडे कुठंतरी आहेत, रानात, परमुलखात, पाण्यात, ते त्याच्या पायथ्याशी मेणबत्त्या लावत. आजवर ती तिथून नुसती पुढे जायची. त्या लोकांची तिला दया यायची.

वितळलेल्या मेणात तिने जागा शोधली. वारा होता, नेइदेने आईच्या डोक्यावरची हॅट काढून आडवी धरली. वात पेटली. इरासीने सवयीने तोंड उघडलं आणि तिथंच अडली. सगळी खबर त्या भिंतीकडच्या माणसाला सांगून झाली होती. ओदिलोनला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

नेइदे थांबून राहिली. इरासीने क्रुसाला तळवा टेकला.

“दादा,” ती म्हणाली, “आई गेली रे.”