'अशी' म्हणजे कशी?

मित्रांनो, मी एक जुना कन्नड टाइपरायटर आहे. तुंगभद्रेकाठच्या एका कोर्टात मी छत्तीस वर्षे साक्षी उतरवल्या. न्यायाधीश सांगत आणि नागरत्नम्मा माझ्या कळा दाबत. माझे 'र' अक्षर जरा वर उडे, तरी माझ्याच कागदांवर माणसे तुरुंगात गेली आणि सुटून घरीही गेली. त्याचा मला अभिमान होता. आता फक्त राग उरला आहे, आणि तो षडाक्षरप्पा वकिलांवर आहे.

त्यांचा पक्षकार होता यमनूरप्पा मेंढपाळ. दिवेलागणीला एकाच्या डोक्यात काठी घातली, असा त्याच्यावर आरोप. खरे तर त्याचा डावा हात लहानपणापासून लुळा. पाहणारी एकटी हनुमव्वा म्हातारी. तिने पाठमोरा माणूस पाहिला आणि खांद्यावरच्या कांबळ्यावरून यमनूरप्पाचे नाव घेतले.

वकिलांनी विचारले, "अव्वा, मारणाऱ्याच्या कोणत्या हातात काठी होती?"

"अशी धरलेली की!" म्हणत तिने डावा हात उगारला.

कोर्टात कुजबुज झाली. वकील मागच्या बाकांकडे बघून हसले आणि ऐटीत खाली बसले. न्यायाधीशांनी सांगितले आणि माझ्यावर उमटले, 'मारणाऱ्याने काठी अशी धरली होती.'

नागरत्नम्मांना राहवेना. "वकीलसाहेब, 'अशी' म्हणजे कशी? कोणता हात ते येऊ द्या ना कागदावर."

"बाई, तुम्ही कळा बडवा, वकिली मला करू द्या. अख्ख्या कोर्टानं पाहिलंय!"

पाहिले होते हो! पण नुसते पाहिलेले माझ्यावर उमटत नाही. मान हलवलेली उमटत नाही, बोट दाखवलेले उमटत नाही. साक्ष वाचून दाखवली तेव्हा म्हातारी म्हणाली, "हां, अशीच." पुन्हा तोच हात उगारला आणि अंगठा दिला. वकील तेव्हा शेजाऱ्याला टाळी देत होते.

पुढे न्यायाधीशांची बदली झाली. हनुमव्वा वारली. नव्या न्यायाधीशांपुढे राहिला तो माझा कागद. निकालही माझ्यावरच टाइप झाला, 'काठी कोणत्या हातात होती, हे साक्षीदाराने सांगितलेले नाही.' यमनूरप्पाला सात वर्षांची सजा झाली.

त्याची बायको दुर्गव्वा वकिलांना आडवी आली. "तिनं हात वर केला होता. मी मागंच बसले होते. तुम्ही हसला होता, साहेब."

"अगं, अपिलात बघू," ते म्हणाले.

काय बघणार, कपाळ? वरच्या कोर्टातही हाच कागद जाणार!

आता संगणक आला आणि मी अडगळीत पडलो. धूळ मी सोशीन. पण तुमच्यातले जे कोणी काळा कोट घालतील, त्यांनी ऐकून ठेवा. साक्षीदाराने हात दाखवला, की विचारा, "डावा ना?" त्याच्या तोंडून 'हो' वदवून घ्या. खाली बसण्याआधी कागद वाचा. टाळ्या मग घ्या. कन्नडमध्ये डाव्याला 'एड' म्हणतात. दोनच अक्षरे. दोन्ही माझ्याकडे होती. त्या शहाण्याने ती मागितलीच नाहीत.