म्हसोबाच्या खोळीचा भार

"म्हसोबानं खोळ टाकली!" सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ही आरोळी उठली आणि सायखेड्याच्या नदीकाठी पाय ठेवायला जागा उरली नाही. वर्षानुवर्षं देवाच्या दगडावर तेलात कालवून थापलेला शेंदराचा थर उन्हानं सुटून पडला होता. एवढं वजन कधीतरी पडणारच! पण देवऋषी सावळीरामला तेवढं पुरेसं होतं.

"उचलून बघा! वीतभर तुकडा न् केवढा जड! ह्यो देवाचा भार हाय. चिमूटभर मधातून चाटवा, मरतुकडं पोर बी पैलवान व्हईल!"

फुलं विकणाऱ्या चिमणाबाईंची चार वर्षांची नात सृष्टी अंगानं अशक्त. त्यांनी सावळीरामकडून खोळीच्या चुऱ्याची पुडी घेतली आणि कपाळाला लावून घरी नेली. पंधरा दिवसांत पोर पोट धरून लोळायला लागली.

"दोष भायेर पडतोय," सावळीराम म्हणाला. "आता दोन चिमट्या द्या."

म्हणजे पोर सुधारली तर देवाची कृपा, खंगली तरी देवाचीच! मी तिथं शाळेत विज्ञान शिकवायचो. हे ऐकून मी नुसता हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

सृष्टीला झटके आले, तेव्हा आम्ही तिला नाशिकला नेलं. डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळसर रेघ पाहून विचारलं, "हिला काय खायला घालता?"

"काय नाय," चिमणाबाई म्हणाल्या. कुणाला सांगितलं तर गुण जातो, असं सावळीरामनं बजावलं होतं. शेवटी पुडीचं मीच सांगितलं.

पोरीजवळ तिची आई थांबली. दोन दिवसांनी चिमणाबाईंना घेऊन मी गावी आलो आणि म्हसोबापुढं शेगडी पेटवली. लोकांना धुरापासून लांब उभं केलं. खोळीचा चुरा कोळशाच्या भुकटीत मिसळून निखाऱ्यावर ठेवला आणि फुंकणीनं फुंकत राहिलो. शेंदरी रंग गेला, खाली करडा मणी उरला. तो निवल्यावर मासे धरणाऱ्या गोटीरामच्या हातात दिला. त्यानं नखानं ओरखडा काढला.

"मास्तर, ह्ये तर शिसं! आमी जाळ्याला लावतो त्येच."

"हाच तुमच्या देवाचा भार. शेंदूर शिशापासून बनतो, आणि शिसं पोटात गेलं की विष. पोरीच्या हिरड्यांवरची निळी रेघ त्याचीच."

"देवाला जाळलं ह्यानं!" सावळीराम ओरडला. पण लोक तो मणी हातोहात फिरवून बघत होते.

चिमणाबाई एवढंच म्हणाल्या, "म्हंजी मीच चारलं तिला?"

सृष्टी वाचली. पण अजून चालताना तिचा तोल जातो आणि साधे शब्दही तिला शोधावे लागतात. चिमणाबाई पुड्या परत मागत घरोघर फिरल्या. दोन घरांनी दिल्या नाहीत. त्यातल्या एका घरात तान्हं मूल होतं.

देव मानायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जे चाटवल्यानं लेकरू खंगतं, ते थांबवायला कुणाचा कौल घेत बसू नका.